चूक झाल्यानंतरची दहा मिनिटं

एखाद्या मुलाच्या हातून काही भयंकर घडलं आणि त्याची बातमी झाली, की आठवडाभर एकच मागणी ऐकू येते: शाळेत मूल्यशिक्षणाचे तास वाढवा. हल्ली तिला एक पुरवणीही जोडलेली असते. चारित्र्यालाही गुण द्या, प्रगतिपुस्तकात त्याचा वेगळा रकाना ठेवा. मागणी करणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण नेम चुकलेला असतो. मुलाला चांगलं-वाईट कळत नाही म्हणून ते वाईट वागतं, असं या मागणीत गृहीतच धरलेलं आहे. सात वर्षांच्या कुठल्याही मुलाला विचारून पाहा: खोटं बोलावं का, दुसऱ्याची वस्तू न विचारता घ्यावी का, आपल्यापेक्षा लहानाला मारावं का? उत्तरं बिनचूक येतील. घोडं अडतं ते पुढे.

मराठीत चारित्र्य आणि आचरण हे दोन्ही शब्द ‘चर्’ या एकाच धातूतून आले आहेत. चालणं, वावरणं, वागणं असा त्याचा अर्थ. आणि चालायला मूल शिकतं ते पडत-उठत. माझं म्हणणं असं, की चारित्र्य सगळ्यात जास्त घडतं ते मुलाच्या हातून चूक झाल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत. त्या वेळी जवळचं मोठं माणूस काय करतं, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. घरानं आणि शाळेनं आपली शक्ती लावायची ती तिथे.

हे नुसतं मत नाही. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन अमेरिकन संशोधकांनी १९२० च्या दशकात साधारण ८ ते १६ वयाच्या १० हजारांहून अधिक मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. १९२८ ते १९३० या काळात त्यांचे तीन खंड प्रसिद्ध झाले. त्यांची एक पद्धत अशी होती: मुलांनी सोडवलेले पेपर गोळा करायचे, त्यांची गुपचूप नोंद ठेवायची, मग मूळ पेपर उत्तरांसह परत देऊन ‘आपले आपण तपासा’ म्हणून सांगायचं. कोणी किती उत्तरं मागाहून बदलली, हे ताळा केला की कळायचं. खेळात, घरी करायच्या कामात, पैसे हाताळतानाही अशाच चाचण्या घेतल्या. हाती आलं ते असं, की पेपरात फसवणारं मूल पैशाला हात लावेलच असं नाही आणि खेळात सचोटीनं वागणारं मूल घरच्या कामात लबाडी करणार नाही असंही नाही. योग्य काय हे ओळखण्याच्या परीक्षेतले गुण आणि प्रत्यक्ष वागणं यांचा मेळ फारच थोडा बसला. पुढे त्याच आकड्यांची पुन्हा छाननी झाली तेव्हा मुलांच्या वागण्यात थोडं सातत्य सापडलं, पण थोडंच. प्रामाणिक मुलं आणि अप्रामाणिक मुलं अशी सरळ वाटणी काही निघाली नाही.

शाळांमधल्या कार्यक्रमांचं काय? अमेरिकेतच सरकारी पातळीवर प्राथमिक शाळांतल्या सात वेगवेगळ्या चारित्र्यविकास कार्यक्रमांची एकत्र तपासणी झाली. अहवाल २०१० मध्ये आला. कार्यक्रम राबवणाऱ्या आणि न राबवणाऱ्या शाळांची तुलना केली, तर एकूण पाहता मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली नाही. तास वाढवा म्हणणाऱ्यांनी हा अहवाल नजरेआड करू नये.

मग मुलाच्या वागण्यावर परिणाम कशाचा होतो? खोटं बोलण्याचंच उदाहरण घेऊ, कारण त्यावर काम भरपूर झालं आहे. दोन-तीन वर्षांचं मूल खोटं बोलू लागतं, तेव्हा आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. खरं तर ते वाढीचं लक्षण असतं. ‘मला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही’ एवढं कळल्याशिवाय कोणाला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलता येणं हा टप्पा सगळीच मुलं गाठतात. त्याची सवय होते की नाही, हे मात्र भोवतालावर ठरतं.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१५ चा एक प्रयोग आहे. ४ ते ८ वर्षांच्या ३७२ मुलांना एकेकट्याला खोलीत बसवलं. पाठीमागे एक आवाज करणारं खेळणं ठेवलं आणि ‘मागे वळून बघायचं नाही’ असं सांगून मोठं माणूस एक मिनिट बाहेर गेलं. साधारण दोनतृतीयांश मुलांनी वळून पाहिलं. पाहिलेल्यांपैकी पुन्हा दोनतृतीयांश मुलं ‘नाही पाहिलं’ म्हणाली. आता यातला कळीचा भाग. ‘पाहिलं असशील तर शिक्षा होईल’ असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांनी खरं कमी सांगितलं. शिक्षेची भाषा नव्हती आणि खरं सांगितलंस तर मला आनंद होईल किंवा खरं बोलणं योग्य आहे एवढंच म्हटलं होतं, तिथे खरं सांगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. तलवार यांनीच कांग ली यांच्याबरोबर पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतली ३-४ वर्षांची मुलं पाहिली होती. एका शाळेत मार आणि कडक शिक्षा रोजची, दुसरीत नाही. मार देणाऱ्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली. शिवाय पुढचे खोदून विचारलेले प्रश्न त्यांनी जास्त सफाईनं झेलले. धाकानं मुलं सरळ होतात म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की ती तरबेज होतात.

गोष्टींचीही तीच तऱ्हा. खोटं बोलणाऱ्याची शेवटी फजिती होते अशी बोधकथा ऐकवून मुलांच्या खरेपणात फरक पडला नाही. खरं कबूल करणाऱ्याला जवळ घेतलं जातं अशी गोष्ट ऐकवल्यावर मात्र पडला. मूल गोष्टीतून तात्पर्य उचलत नाही. खरं बोलल्यावर पुढे काय होतं, एवढीच माहिती उचलतं.

हे जवळून पाहू. सहा वर्षांचं मूल खुर्चीवर चढलंय, वरच्या फळीवरची काचेची बरणी काढायला गेलंय, खळ्ळ असा आवाज झालाय. मोठं माणूस धावत येतं आणि पहिला प्रश्न येतो: ‘कोणी फोडली?’ खोलीत दुसरं कोणी नाही. उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक आहे आणि हे मुलालाही ठाऊक आहे. म्हणजे तो प्रश्न नाही, सापळा आहे. मुलापुढे दोनच वाटा उरतात: कबूल करून बोलणी खायची, किंवा ‘आपोआप पडली’ म्हणून पाहायचं. दुसरी वाट दहात एकदा जरी लागू पडली, तरी मूल ती पुन्हा पुन्हा धरेल.

त्याऐवजी क्रम असा ठेवावा. आधी इजा: ‘जागेवरून हलू नकोस, पायाला काच लागेल.’ मुलाला उचलून बाजूला घ्यायचं, चप्पल घालायला लावायची. मग जे दिसतंय तेच बोलायचं: ‘बरणी फुटलेली दिसतेय.’ आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं. मोठ्यांना पाच सेकंदही ते जमत नाही, आणि भेदरलेल्या मुलाला शब्द गोळा करायला मिनिटभर सहज लागतं. मुलानं सांगितलं, अर्धवट का होईना, की पहिलं वाक्य: ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ त्याला ‘पण’ जोडायचा नाही. ‘बरं केलंस, पण किती वेळा सांगितलं होतं’ असं म्हटलं, की मुलाला फक्त दुसरा अर्धा भाग ऐकू येतो.

यानंतर भरपाई. मोठे तुकडे मोठ्यांनी उचलायचे, सुपली मुलानं धरायची. बारीक काच ओल्या कागदानं टिपायची, बॅटरी जमिनीलगत आडवी धरून चमकणारे कण मुलानं शोधायचे, सगळं जाड कागदात गुंडाळून बाहेर टाकायचं. या कामात मुलाला जे समजतं ते वीस मिनिटांच्या बोलण्यातून समजत नाही. कारण सांगायचं ते काम चालू असताना, आणि समोरच्याचं काय होईल या अंगानं: ‘बारीक काच राहिली तर रात्री आजीच्या पायात जाईल.’ मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी शिस्तीच्या तीन रीती वेगळ्या करून दाखवल्या होत्या. जोर दाखवणं, माया आखडून घेणं, आणि आपल्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला ते दाखवणं. तिसऱ्या रीतीनं वाढलेल्या मुलांमध्ये दुसऱ्याची कदर जास्त आढळते. चार वर्षांच्या मुलाला दोन वाक्यं पुरतात, आठ वर्षांच्याला पाच-सहा. त्यापुढे मूल ऐकत नसतं, संपण्याची वाट पाहत असतं.

आणि संध्याकाळी, जिथे बहुतेक घरं घसरतात: तो प्रसंग कोणापुढेही पुन्हा काढायचा नाही. पाहुण्यांसमोर हसत हसत सांगितला, तरी मुलाच्या हिशेबात खरं बोलण्याची किंमत दोनदा वसूल झालेली असते.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे अशानं मुलं डोक्यावर बसतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण चुकीची किंमत काढूनच टाकली तर तसं होतंही. पण इथे किंमत काढलेली नाही, तिची जागा बदललेली आहे. चुकीला ती आहे, खरं सांगण्याला नाही. पाकिटातून पैसे घेतले तर ते परत करायचे, ज्याचे घेतले त्याच्या हातात, स्वतः. मोठ्यानं शेजारी उभं राहायचं, मुलाच्या वतीनं बोलायचं नाही. पैसे खर्च झाले असतील तर आठवड्याला मिळणाऱ्या खर्चाच्या पैशांतून फेड, मात्र निम्म्याहून जास्त कापायचं नाही आणि चार-सहा आठवड्यांत फेड संपली पाहिजे. वर्षभर चालणारी फेड मुलाला सोसत नाही. ते मध्येच हात टेकतं, आणि मग आपण चोरच आहोत हे मनाशी मान्य करून टाकतं. चूक लपवली आणि नंतर उघडकीला आली, तर दोन गोष्टी वेगळ्या हाताळायच्या. चुकीची भरपाई तीच राहील. खोट्याचा परिणाम म्हणजे पडताळणी: पुढचे दोन आठवडे ‘अभ्यास झाला’ हे शब्द चालणार नाहीत, वही दाखवावी लागेल. शेवटची तारीख आधीच सांगायची आणि त्या दिवशी पडताळणी खरोखर थांबवायची. न थांबवल्यास विश्वास परत मिळवण्यात मुलाला काही राम उरत नाही.

‘सॉरी म्हण’ हा प्रकार तर बंदच करावा. पाठीवर हात ठेवून वदवून घेतलेल्या शब्दात ना पश्चात्ताप असतो ना भरपाई. मूल एवढंच शिकतं, की या दोन अक्षरांनी प्रकरण मिटतं. माफी मागायचीच तर तिचे तीन भाग असावेत: मी काय केलं, त्यानं तुझं काय झालं, आता मी काय करणार. पाच वर्षांखालच्या मुलाला पहिले दोन जमत नाहीत. त्याच्याकडून तिसरा भाग करवून घ्यावा, म्हणजे पाडलेला ठोकळ्यांचा मनोरा पुन्हा रचायला मदत. राग उतरायच्या आत हे काही होत नाही. रडणाऱ्या मुलाशी नीतीवर बोलणं फुकट जातं.

सगळ्या मुलांना एकच माप चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोखान्स्का यांनी १९९० च्या दशकात लहान मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यात भित्र्या स्वभावाच्या मुलांची सदसद्विवेकबुद्धी मवाळ शिस्तीत चांगली वाढलेली दिसली. त्यांना थोडी हुरहुर पुरते, जास्त धाक दिला की घाबरण्यातच सगळं लक्ष जातं. निर्भीड मुलांवर मात्र शिस्तीच्या मवाळ-कडकपणाचा फारसा परिणाम नव्हता. तिथे उपयोगी पडलं ते आईशी असलेलं जवळिकीचं नातं. दांडगट मुलाला आणखी दटावावं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि नेमकं त्यालाच दटावण्यापेक्षा सोबतीच्या वेळेची गरज जास्त असते.

मोठ्यांच्या शब्दाचं वजन हा दुसरा मोठा भाग. थोडा वेळ थांबलास तर एकाऐवजी दोन खाऊ मिळतील, हा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. जो थांबतो तो पुढे यशस्वी होतो, असं त्यातून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती आणि सुरुवातीची बौद्धिक वाढ हिशेबात धरल्यावर तो संबंध बराचसा विरला. त्याहून डोळे उघडणारा प्रयोग सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा, २०१३ मधला. मुलं फक्त २८, वय ३ ते ५. आधी प्रत्येकाला चांगलं चित्रकलेचं साहित्य आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्या मुलांना ते आणून दिलं, निम्म्यांना ‘अरे, संपलंय’ म्हटलं. मग खाऊचा प्रयोग केला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली ३ मिनिटं. मोडलेल्या शब्दानंतर लगेच खाऊ उचलणारं मूल उतावळं नाही, त्यानं हिशेब बरोबर केला आहे. संयम शिकवायचा म्हणजे आधी वाट पाहणं फायद्याचं ठरेल असं वागायचं. म्हणून आश्वासनं कमी द्यावीत. दिलेलं दिवसानिशी लिहून, मुलाला दिसेल अशा ठिकाणी लावावं. पाळता आलं नाही तर माफीचे तेच तीन भाग मोठ्यांनी स्वतः करून दाखवावेत. फोनवर ‘मी घरी नाही म्हणून सांग’ असं मुलाकडून वदवून घेणाऱ्यानं सचोटीचे धडे देऊ नयेत, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

बक्षिसांबाबत थोडक्यात. २० महिन्यांची मुलंसुद्धा पडलेली वस्तू उचलून देतात, कोणी न सांगता. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांना २००८ मध्ये असं आढळलं, की अशा मदतीला वस्तूरूपात बक्षीस दिलं की नंतर मुलं मदत कमी करतात. न दिलेल्यांची किंवा फक्त आभार मानलेल्यांची मदत टिकते. तेव्हा चांगल्या कामाला स्टिकर, तारे, पैसे लावू नयेत. ‘शाब्बास’ही मोघम नको: ‘तू दार धरून ठेवलंस म्हणून मला दोन्ही पिशव्या आत आणता आल्या’ असं नेमकं बोलावं. ‘तू किती गुणी आहेस’ हा शिक्का बरा वाटतो, पण पुढच्या चुकीला तोच मुलाच्या अंगावर येतो. गुणी मुलानं चूक कबूल करायची कशी?

चुकीनंतरची दहा मिनिटं सावरायची तर चूक करायला जागाही हवी, आणि ती मिळते कामातून. ज्यावाचून खरोखर कोणाचं अडतं असं एक काम पाच वर्षांपासून प्रत्येक मुलाकडे असावं. सोपवायचं टप्प्यानं: आधी करून दाखवायचं, मग आठवडाभर बरोबरीनं करायचं, मग मुलानं करायचं आणि आपण बघायचं, मग आपण खोलीतून निघून जायचं. कुंडीतल्या झाडाला पाणी घालायचं काम चांगलं, कारण विसरलं की पानं मान टाकतात आणि पाणी घातलं की काही तासांत पुन्हा उभी राहतात. परिणामही दिसतो, भरपाईही दिसते. काम बिघडतं ते मोठ्यांमुळेच. मूल विसरलं की ते गुपचूप पाणी घालून टाकतात, घडी वाकडी झाली की मुलाच्या पाठीमागे नीट करतात. मुलाच्या ते लक्षात येतं, आणि आपलं काम लुटुपुटीचं आहे हे त्याला एकदा कळलं की संपलं. मुकं जनावर मात्र पूर्णपणे लहान मुलाच्या हवाली करू नये. त्याच्या विसरण्याची किंमत त्या जिवानं का मोजावी?

आता शाळेकडे परत येऊ. चारित्र्याला गुण देण्याला माझा ठाम विरोध आहे. गुण लागले की बाईंसमोर वागायचं एक आणि मागे वागायचं दुसरं, हे मुलं महिन्याभरात शिकतील. शांत घरातून पोट भरून आलेलं मूल संयमी दिसेल, रात्री भांडणं ऐकून न झोपलेलं मूल उद्धट दिसेल, आणि रकान्यात त्यांचे संस्कार म्हणून त्यांच्या परिस्थितीचीच नोंद होईल. वर्तनाच्या नोंदवहीचंही तसंच. दुसरीतली नोंद सहावीच्या बाईंनी वाचायची काय गरज? प्रत्येक नोंदीला मुदत असावी, आणि भरपाई पुरी झाली की ती खोडली जावी.

शाळेनं बदलायचं ते रोजच्या कामकाजात. आठवड्यातून एकदा मुलांनी आपला पेपर आपण तपासावा. त्याचे गुण कुठेही मोजले जाऊ नयेत. चूक शोधून दुरुस्त करणाऱ्याला ती वर्गात मांडायला दोन मिनिटं मिळावीत. जिथे प्रामाणिकपणानं काही गमवावं लागत नाही तिथे त्याची सवय लागते, आणि मग गमवायची वेळ आली तरी ती काही अंशी टिकते. फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं तर शिक्षकांनी गुपचूप पुसू नये, ‘इथे माझं चुकलं’ म्हणून सगळ्यांदेखत दुरुस्त करावं. मधल्या सुट्टीत मारामारी झाली, तर दोघांना मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर तासभर उभं करण्याऐवजी एकेकाचं दोन-दोन मिनिटं मध्ये न बोलता ऐकावं, काय मोडलं आणि ते कोण कसं जोडणार हे ठरवावं.

यासाठी शिक्षकांना वेळ लागतो, आणि खरी अडचण तीच आहे. घाईतल्या माणसाची नीती किती तोकडी पडते, हे १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवरच पाहिलं होतं: वाटेत विव्हळणाऱ्या माणसापाशी निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालेल्यांपैकी १० टक्के. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग आणि संपवायचा अभ्यासक्रम अंगावर असलेल्या शिक्षकाकडून मुलांचं शांतपणे ऐकून घेण्याची अपेक्षा करणं म्हणजे त्या दुसऱ्या गटाला नावं ठेवण्यासारखं आहे. म्हणून मागणी करायचीच तर वेळेची करावी. वेळापत्रकात मूल्यशिक्षणाचा ४० मिनिटांचा तास असेल तर तो शिक्षकांना मोकळा द्यावा. एवढ्या वेळात दहा-दहा मिनिटांची चार बोलणी होतात, चार मुलांशी, त्या आठवड्यात ज्यांच्या हातून खरोखर काहीतरी मोडलं त्यांच्याशी.